‘टू’ लावू का ‘आयएनजी’ लावू?

या महिन्याच्या टपालात पत्रं आहेत, व्हॉट्सॲपचे मेसेज आहेत, एकानं तर वहीचं पान लिहून त्याचा फोटोच पाठवला, पण दुखणं सगळ्यांचं एकच. क्रियापदाच्या आधी ‘टू’ लावायचा का मागून ‘आयएनजी’. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात ढकलतो अन् आज फक्त हेच घेऊ. इंग्रजी वाक्यं आपल्याच लिपीत लिहिलीत, मनातल्या मनात नको, मोठ्यानं वाचा. नावं कोणाचीच छापत नाही, गाव तेवढं ठेवलंय.

प्रश्न: सर नमस्कार, मी बारावी आर्ट्सला आहे. इन्फिनिटिव्ह अन् जेरंड हे दोन नावं ऐकले की मले झोपच येते. क्लासमध्ये मोठी यादी लिहून देली, याच्यापुढे टू अन् त्याच्यापुढे आयएनजी, पाठ केली पण पेपरात सगळं मिक्स होते. सोपं करून सांगा ना.
एक विद्यार्थिनी, आर्णी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर: बेटा, यादी थोडा वेळ बाजूला ठेव. आधी नावांचं भूत उतरवू. ‘टू गो’, ‘टू ईट’, ‘टू रीड’ हे झाले इन्फिनिटिव्ह. अन् ‘गोइंग’, ‘ईटिंग’, ‘रीडिंग’ हे शब्द वाक्यात नामाचं काम करत असले की त्यांना जेरंड म्हणायचं. आपण ‘वाचणं’, ‘पोहणं’ म्हणतो तेच. ‘स्मोकिंग इज इंज्युरिअस टू हेल्थ’ हे तू थेटरात शंभरदा वाचलं असशील, त्यातलं स्मोकिंग म्हणजे सिगारेट ओढणं, ते वाक्याचा कर्ता आहे, म्हणून ते जेरंड. नावांचं एवढंच.

आता तू घरी कसं बोलतेस ते बघ. ‘माय कापूस वेचाले गेली.’ पुस्तकात लिहिताना तू ‘वेचायला’ लिहिशील पण तोंडात ‘वेचाले’च येणार, अन् ते येऊ दे, आज त्याचाच उपयोग आहे. या ‘वेचाले’तला शेवटचा ‘ले’ अन् ‘बजाराले गेली’ यातला ‘ले’ ऐकायला एकच आहे की नाही? बजाराकडे गेली तशीच वेचण्याकडे गेली. इंग्रजीचा ‘टू’ अगदी असाच वागतो. ‘शी वेन्ट टू द मार्केट’ अन् ‘शी वेन्ट टू पिक कॉटन’. हजारेक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत हा ‘टू’ खरंच ‘कडे’ या अर्थाचा शब्द होता अन् त्याच्या पुढच्या क्रियापदाला नामासारखा वेगळा प्रत्यय लागायचा, पुढे तो प्रत्यय झिजून गेला अन् नुसता ‘टू’ राहिला.

म्हणजे ‘टू’चं तोंड पुढं आहे. काम अजून व्हायचं आहे, आपण त्याच्याकडे बघतोय. वाँट, होप, डिसाइड, प्लॅन, प्रॉमिस, ॲग्री, एक्सपेक्ट, ऑफर, सगळे घेऊन बघ, काम पुढंच सापडेल. ‘आय वाँट टू बिकम अ नर्स’, अजून झालेली नाहीस. ‘दे डिसाइडेड टू सो सोयाबीन’, ठरवलं त्या घडीला बी पेरलेलं नाही. ‘रिफ्यूज’ सुद्धा यातच, कारण नाही म्हणायला सुद्धा काम समोर यावं लागतं.

जेरंडचं तोंड तिकडं नाही. ते काम एक गोष्ट म्हणून आपल्यासमोर ठेवतं, बरेचदा चालू असलेलं किंवा होऊन गेलेलं. जे चालू आहे त्याचीच मजा घेता येते म्हणून ‘आय एन्जॉय रीडिंग’. जे सुरू झालंय तेच संपवता येतं म्हणून ‘वी फिनिश्ड वीडिंग’, निंदण आटोपलं. ‘कीप’, ‘गिव्ह अप’, ‘मिस’, ‘ॲडमिट’, ‘डिनाय’ हे सगळे याच घरातले. चोरी नाकारायची तर ती आधी झालेली असते, किंवा झाली असं कोणीतरी म्हणत असतं, म्हणून ‘ही डिनाइड टेकिंग द मनी’.

आता यात खोट कुठं आहे तेही सांगतो, नाहीतर उद्या तूच पत्र लिहिशील. ‘सजेस्ट’, ‘कन्सिडर’, ‘पोस्टपोन’, ‘अव्हॉइड’ यांच्यात काम पुढचं असलं तरी आयएनजीच लागतं. हे चार-पाच पाठ करावेच लागतात, त्याला इलाज नाही. अन् आपला ‘ले’ सुद्धा दरवेळी साथ देत नाही. ‘मले वाचाले मजा येते’ याचं ‘आय एन्जॉय टू रीड’ होत नाही. मजा चालू कामाची असते हे लक्षात ठेव अन् ‘रीडिंग’ लिही.

बोर्डाच्या पेपरात ‘जेरंड वापरून वाक्य पुन्हा लिहा’ असं आलं तर घाबरायचं कारण नाही. ‘टू लर्न इंग्लिश इज ईझी’ यातला टू काढ, लर्नला आयएनजी लाव, ‘लर्निंग इंग्लिश इज ईझी’, बाकीच्या वाक्याला हात लावू नको. ‘इट इज ईझी टू लर्न इंग्लिश’ असं दिलं असेल तर आधी समोरचा ‘इट’ उडव, मग ‘लर्निंग इंग्लिश’ सगळं उचलून त्याच्या जागी ठेव. मार्क जातात ते स्पेलिंगमध्ये. रनचं रनिंग करताना एन दोनदा, राइटचं राइटिंग करताना शेवटचा ई बाहेर, अन् लायचं लाइंग करताना आय-ई जाऊन वाय येतो.

प्रश्न: सर, तलाठी भरतीची तयारी करून राहिलो. इंग्रजीचे २५ प्रश्न असतात, त्यात स्टॉप, रिमेंबर, ट्राय यांच्यापुढे गाळलेली जागा असली की ऑप्शनमध्ये टू बी दिसते अन् आयएनजी बी दिसते. मित्र म्हणते दोन्ही बरोबर. मंग उत्तर एकच कसं काय?
मेहकर, जि. बुलढाणा

उत्तर: भाऊ, तुमच्या मित्राचं अर्धं बरोबर आहे. व्याकरणाला दोन्ही चालतात, अर्थ मात्र दोन निघतात, अन् पेपर काढणारा तो अर्थ वाक्याच्या उरलेल्या भागात लपवून ठेवतो. त्यामुळं गाळलेल्या जागेकडे टक लावून बसण्यात काही अर्थ नाही, पूर्ण वाक्य वाचायचं.

‘स्टॉप’ घ्या. एक गडी पानठेल्यापाशी गाडी उभी करतो, ठेलेवाला पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना टाकून खर्रा घोटून देतो, गडी तो तोंडात टाकतो अन् मग गाडीला किक मारतो. ‘ही स्टॉप्ड टू च्यू खर्रा.’ खर्रा खाले थांबला. दुसऱ्या गड्याला दवाखान्यात तोंड उघडायला सांगितलं तर दोन बोटांच्या वर उघडेचना, सुपारीनं गाल आतून कडक झालेले, तो घाबरला अन् त्या दिवसापासून पुडी बंद. ‘ही स्टॉप्ड च्यूइंग खर्रा.’ खर्रा सोडला. पहिल्या वाक्यात खर्रा सुरू होतो, दुसऱ्यात संपतो, अन् फरक नुसता टू-आयएनजीचा. आता पेपरात ‘ऑन द डॉक्टर्स ॲडव्हाइस ही स्टॉप्ड’ असं आलं अन् पुढं जागा रिकामी असली तर डॉक्टर खर्रा खायला थांबा असं थोडीच सांगणार आहे? च्यूइंग.

‘रिमेंबर’ला वावरातल्या मोटरपाशी नेऊ. रात्रीची लाइन, ओलीत करून निघाले, अर्ध्या धुऱ्यावर आलात अन् एकदम आठवलं, परत गेलात, मोटर बंद केली. ‘आय रिमेंबर्ड टू स्विच ऑफ द पंप.’ आधी आठवण, मग काम. घरी आल्यावर बायको विचारते, अहो मोटर बंद केली ना? अन् तुम्ही म्हणता, हो बाप्पा, केल्याचं आठवते मले. ‘आय रिमेंबर स्विचिंग ऑफ द पंप.’ आधी काम, मग आठवण. ‘फरगेट’ याचाच भाऊ. ‘आय फरगॉट टू स्विच इट ऑफ’ म्हणजे मोटर रात्रभर चालू राहिली. अन् ‘आय विल नेव्हर फरगेट सीइंग द टायगर इन ताडोबा’ म्हणजे वाघ बघून झालेला आहे, आता तो डोक्यातून जात नाही. इथंही बघा, टू पुढच्या कामाकडे बघतो अन् आयएनजी झालेल्या कामाकडे, वर आर्णीच्या मुलीला सांगितलं तेच.

‘ट्राय’ थोडा वेगळा आहे. नट गंजला आहे, पाना लावून जोर करताय, घाम निघाला पण नट हलत नाही. ‘आय ट्राइड टू ओपन द नट.’ जे साधायचं होतं ते उघडणं होतं. मग कोणी म्हणतं, थोडं डिझेल टाकून पाह्य. ‘आय ट्राइड पोअरिंग डिझेल ऑन इट.’ डिझेल टाकणं काही अवघड काम नाही, ते टाकून काय होतं ते बघितलं. मराठीत ‘टाकायचा प्रयत्न केला’ अन् ‘टाकून पाहिलं’ असे दोन वेगळे प्रयोग आपण रोज करतोच, जिथं ‘करून पाहिलं’ बसतं तिथं आयएनजी.

‘रिग्रेट’ पेपरवाल्यांच्या आवडीचा आहे. ‘वी रिग्रेट टू इन्फॉर्म यू’ हे नोकरी न मिळाल्याचं पत्र, वाईट बातमी आता सांगायची आहे. ‘आय रिग्रेट सेलिंग माय तूर सो अर्ली’ हे आपलं नेहमीचं, तूर विकून झाली अन् महिन्याभरानं भाव वर गेला. ‘मीन’मध्ये ‘आय मेन्ट टू कॉल यू’ म्हणजे फोन करायचं मनात होतं, अन् ‘सोइंग अगेन मीन्स बाइंग सीड अगेन’ म्हणजे दुबार पेरणी आली की बियाण्याचा खर्च पुन्हा आलाच, इथं मीन्स म्हणजे त्याचा अर्थ असा होतो. ‘गो ऑन’ एवढं येत नाही पण माहीत असू द्या, ‘ही वेन्ट ऑन टॉकिंग’ म्हणजे बोलतच राहिला, ‘ही वेन्ट ऑन टू बिकम अ तहसीलदार’ म्हणजे पुढं जाऊन तहसीलदार झाला. तुमच्या बाबतीत दुसरं वाक्य खरं होवो.

जिथं फरक पडत नाही असेही आहेत, स्टार्ट, बिगिन, कंटिन्यू, लाइक, लव्ह, हेट. ‘इट स्टार्टेड टू रेन’ अन् ‘इट स्टार्टेड रेनिंग’ दोन्ही चालतात, फक्त मागं आधीच आयएनजी असलं की लगेच दुसरं लावत नाहीत, कानाला खटकतं, म्हणून ‘इट इज स्टार्टिंग टू रेन’. अन् ‘लाइक’च्या आधी ‘वुड’ आलं की टूच. ‘आय लाइक टीचिंग’ हा स्वभाव झाला, ‘आय वुड लाइक टू टीच’ ही इच्छा झाली, काम पुढं गेलं.

प्रश्न: नमस्कार सर, आमचा संत्र्याचा बगीचा आहे, अंबिया बहार. बाहेरच्या राज्यातल्या व्यापाऱ्याले मी इंग्रजीत मेसेज टाकला, ‘वी आर इंटरेस्टेड टू सेल अवर ऑरेंजेस, वी आर लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू, प्लीज सजेस्ट मी टू सेंड सॅम्पल.’ पोरगी म्हणते तिन्ही वाक्य चुकले. व्यापाऱ्यानं तर होकार देला. मंग चुकलं कायचं?
संत्रा उत्पादक, वरुड, जि. अमरावती

उत्तर: दादा, व्यापाऱ्याला संत्रं कळतं, त्याला टू-आयएनजीशी काय घेणं. मेसेज त्याच्यापर्यंत पोचला, काम झालं, त्यामुळं मनाला लावून घेऊ नका. पण पोरगी म्हणते ते बरोबर आहे अन् ती हुशार आहे, पुढचे मेसेज तिच्या नजरेखालून जाऊ द्या.

पहिलं वाक्य. इन, ॲट, ऑफ, फॉर, विदाउट, आफ्टर, बिफोर असे जे छोटे शब्द आहेत, ज्यांना शाळेत प्रिपोझिशन म्हणायचे, त्यांच्यामागून क्रियापद आलं की ते आयएनजी घालूनच येतं. याला जवळजवळ अपवादच नाही अन् इंग्रजीत इतका सरळ नियम क्वचित सापडतो. ‘इंटरेस्टेड’ला ‘इन’ लागतो म्हणून ‘वी आर इंटरेस्टेड इन सेलिंग अवर ऑरेंजेस’. तसंच ‘गुड ॲट ग्रेडिंग’, ‘आफ्टर प्लकिंग’, ‘विदाउट वॅक्सिंग’.

दुसरं वाक्य मात्र चकवा आहे. तुम्ही म्हणाल टू लावला तर खरा, मग पुढं मीट बरोबरच आहे. पण इंग्रजीत टू दोन आहेत. एक इन्फिनिटिव्हचा, अन् दुसरा नुसता ‘कडे, ला’ या अर्थाचा प्रिपोझिशन, अन् दुसऱ्याला वरचाच नियम लागू. ओळखायचा कसा? टू नंतर एखादं नाम ठेवून बघा. ‘वी आर लुकिंग फॉरवर्ड टू युवर व्हिजिट’, बसलं का? बसलं. म्हणजे हा प्रिपोझिशन, म्हणून ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’. आता ‘वी वाँट टू युवर व्हिजिट’ म्हणून बघा. बसत नाही, वाक्य लंगडं होतं. म्हणजे तो इन्फिनिटिव्हचा, म्हणून ‘वी वाँट टू मीट यू’. ही एक खूण लक्षात ठेवली तर ‘ऑब्जेक्ट टू’, ‘ॲडिक्टेड टू’, ‘इन ॲडिशन टू’ सगळे पकडता येतात.

तिसरं, ‘सजेस्ट मी टू’ हे आपल्याकडे झाडून सगळे बोलतात, शिकलेले सुद्धा. ‘सजेस्ट’पुढं माणूस अन् टू असं येत नाही. ‘ही सजेस्टेड सेंडिंग अ सॅम्पल’ किंवा ‘ही सजेस्टेड दॅट वी सेंड अ सॅम्पल’. माणूस घालायचाच असेल तर ‘ॲडव्हाइज’ वापरा, तिथं चालतं, ‘ही ॲडव्हाइज्ड मी टू सेंड अ सॅम्पल’. तुम्हाला तर सॅम्पल कुठं पाठवू एवढंच विचारायचं होतं, मग ‘प्लीज टेल मी व्हेअर टू सेंड द सॅम्पल’ लिहा. व्हेअर टू, हाउ टू, व्हॉट टू, या जोड्या फार कामाच्या आहेत.

जाता जाता अजून एक, तुम्ही विचारलं नाही पण व्यापारात लागतं. ‘आय केम टू अमरावती फॉर बाइंग प्लास्टिक क्रेट्स’ असं लिहू नका. कशासाठी आलो हे सांगायचं असेल तर टू, ‘आय केम टू अमरावती टू बाय क्रेट्स’. एका वाक्यात दोन टू आले तरी काही बिघडत नाही, पहिला गावाचा, दुसरा कामाचा. फॉर अन् आयएनजी हे वस्तूच्या उपयोगासाठी ठेवा, ‘धिस नाइफ इज फॉर ग्राफ्टिंग’, हा चाकू कलम बांधायचा.

प्रश्न: सर, मुलगा इंग्लिश मीडियमला टाकला. त्याच्या पुस्तकात ‘रनिंग’ कुठी क्रियापद म्हणून आहे, कुठी नाम म्हणून, कुठी विशेषण. तो मले विचारते अन् मी गप. एकच शब्द तीन तीन कामं काहून करते?
एक आई, हिंगणघाट, जि. वर्धा

उत्तर: ताई, गप राहू नका, त्याला सांगा की शब्दावरून कळत नाही, तो वाक्यात काय करतो त्यावरून कळतं. ‘ही इज रनिंग’, इथं आधी ‘इज’ आहे अन् काम चालू आहे, हे क्रियापद. ‘रनिंग इज गुड फॉर हेल्थ’, पळणं चांगलं, हे नाम, म्हणजे जेरंड. ‘रनिंग वॉटर’, वाहतं पाणी, हे विशेषण, त्याला पार्टिसिपल म्हणतात. मुलाला सोपी युक्ती द्या, आयएनजीच्या शब्दाच्या जागी ‘इट’ ठेवून बघायचं. ‘इट इज गुड फॉर हेल्थ’ बसतं, म्हणजे नाम. ‘ही इज इट’ म्हटलं तर पळण्याचा अर्थच गायब, म्हणजे नाम नाही.

मजा एस्टी स्टँडवर आहे. तिथं टाकीवर ‘ड्रिंकिंग वॉटर’ लिहिलेलं असतं. पाणी काही स्वतः पीत नाही. ते पिण्यासाठीचं पाणी, म्हणजे जेरंड. ‘रनिंग वॉटर’मध्ये मात्र पाणी स्वतःच पळतं. ‘स्लीपिंग चाइल्ड’ झोपलेलं लेकरू, अन् ‘स्लीपिंग कोच’ झोपण्यासाठीचा डबा. बोलतानाही फरक आहे, ‘ड्रिंकिंग वॉटर’मध्ये जोर पहिल्या शब्दावर पडतो.

काहून म्हणता तर जुन्या इंग्रजीत हे दोन वेगळे प्रत्यय होते, नाम करायचा ‘उंग’ किंवा ‘इंग’, अन् विशेषण करायचा ‘एंडे’. पुढच्या काही शतकांत दुसरा पहिल्यात मिसळून गेला अन् सगळ्यांना एकच इंग उरला. आता तर काही अभ्यासक या दोघांना वेगळं मानायलाच तयार नाहीत, २००२ साली केंब्रिजनं काढलेल्या मोठ्या इंग्रजी व्याकरणात दोन्हीला मिळून एकच नाव दिलंय. पण मुलाला हे सांगू नका, परीक्षेत दोन्ही नावं वेगवेगळी विचारतात.

प्रश्न: मी पुण्यात कंपनीत नाइट शिफ्ट करतो. एचआरला म्हटलं ‘आय यूज्ड टू वर्क ॲट नाइट’ तर ती म्हणाली, मग सोडलं का? मी तर सवय आहे म्हणत होतो.
मूळचा ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर

उत्तर: तिनं बरोबर ऐकलं. ‘आय यूज्ड टू वर्क ॲट नाइट’ म्हणजे आधी करायचो, आता नाही. सवय सांगायची तर मध्ये ‘ॲम’ घालायचा अन् वर्कला आयएनजी, ‘आय ॲम यूज्ड टू वर्किंग ॲट नाइट’. वरच्या संत्र्याच्या उत्तरातली खूण इथंही चालते, ‘आय ॲम यूज्ड टू इट’ बसतं. सवय अजून लागायची असेल तर ‘आय ॲम गेटिंग यूज्ड टू इट’. पुढच्या वेळी पगारवाढ मागताना पहिलं वाक्य वापरू नका.

प्रश्न: सर, मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. ‘द टीचर मेड हिम टू स्टँड’ बरोबर की ‘मेड हिम स्टँड’? आमच्या स्टाफरूममध्ये दोन पार्ट्या पडल्या.
आरमोरी, जि. गडचिरोली

उत्तर: मॅडम, ‘मेड हिम स्टँड’ म्हणणारी पार्टी जिंकली. ‘मेक’ अन् ‘लेट’ यांच्यापुढं टू गळून जातो, ‘लेट हिम गो’, तसंच बघणं-ऐकण्याच्या क्रियापदांपुढं, ‘आय सॉ हिम क्रॉस द रिव्हर’. कॅन, मस्ट, शुड यांच्यापुढं तर तुम्ही रोजच विनाटूचं शिकवता. ‘हेल्प’ला दोन्ही चालतात. पण हरलेल्या पार्टीलाही एक मुद्दा द्या, वाक्य पॅसिव्ह केलं की गेलेला टू परत येतो, ‘ही वॉज मेड टू स्टँड’. कदाचित तिथूनच त्यांचा घोळ झाला असेल. अन् ‘सॉ हिम क्रॉस’ म्हणजे नदी ओलांडून पलीकडे गेलेला पाहिला, ‘सॉ हिम क्रॉसिंग’ म्हणजे ओलांडत असताना दिसला, पोचला का नाही ते माहीत नाही. वैनगंगेला पूर असताना हा फरक मोठा आहे.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक. आमच्या शिकवण्याच्या काळात इंग्रजी पाचवीपासून होतं तरी पक्कं असायचं. नातवाच्या वहीत ‘टू क्लिअरली अंडरस्टँड’ असं दिसलं, टू अन् क्रियापदाच्या मध्ये शब्द घुसवलेला, मी लाल पेननं काट मारली. तो म्हणतो, चालते आबा. चालते का? शिवाय ‘माय गोइंग’ म्हणावं की ‘मी गोइंग’ तेही लिहा.
दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर: गुरुजी, साष्टांग. २००० सालापासून मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आलं, पक्कं कधी होतं हा वाद मी तुमच्याशी घालत नाही. पण या एका बाबतीत नातवाच्या वहीतली काट परत घ्यावी लागेल. याला स्प्लिट इन्फिनिटिव्ह म्हणतात. इंग्रज लेखक मध्ये शब्द घालतच आले होते, १८६४ साली हेन्री अल्फर्ड या इंग्लंडातल्या धर्मगुरूंनी त्याच्यावर जाहीर हरकत घेतली, त्यांचं म्हणणं इंग्रजी बोलणारे असं बोलत नाहीत, अन् पुढं शाळामास्तरांनी त्याचा कायदाच करून टाकला. १९२६ मध्ये फाउलर या कोशकारानं या भीतीची चांगलीच टिंगल केली अन् सांगितलं की अर्थ घोळात पडण्यापेक्षा मध्ये शब्द आलेला बरा.

अर्थ घोळात कसा पडतो बघा. ‘ही डिसाइडेड क्विकली टू सेल द बुलक्स.’ ठरवलं पटकन, का विकायचे पटकन? सांगता येत नाही. ‘ही डिसाइडेड टू क्विकली सेल द बुलक्स’ म्हटलं की विकायची घाई आहे हे स्वच्छ कळतं. नातवाचं ‘टू अंडरस्टँड क्लिअरली’ केलं तरी चालेल, पण ती निवड झाली, चूक नाही. सरकारी अर्जात मात्र मी स्वतः अजूनही मध्ये शब्द घालत नाही, वाचणारा तुमच्या पिढीचा असला तर उगाच खटकायला नको.

दुसरं. ‘डू यू माइंड माय स्मोकिंग’ हे तुमच्या काळचं शुद्ध रूप, अजूनही शुद्धच आहे अन् लिखाणात शोभतं. बोलताना बहुतेक लोक ‘डू यू माइंड मी स्मोकिंग’ म्हणतात, तेही आता मान्य आहे. वाक्याची सुरुवातच त्यानं होत असेल तर मात्र ‘माय’ ठेवा, ‘माय गोइंग देअर अपसेट हर’, तिथं ‘मी’ फार ओबडधोबड वाटतं.

प्रश्न: ग्रामपंचायतीकडून वर अर्ज करायचा आहे, इंग्रजीत. ‘अवर रोड नीड्स टू रिपेअर’ बरोबर आहे का?
एक सरपंच, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर: नाही हो भाऊ, तसं लिहिलं तर रस्ताच फावडं घेऊन काहीतरी दुरुस्त करायला निघालाय असा अर्थ होतो. ‘अवर रोड नीड्स रिपेअरिंग’ लिहा, किंवा ‘नीड्स टू बी रिपेअर्ड’, दोन्हीचा अर्थ एक. सरकारी कागदाला दुसरं जास्त शोभतं. माणसाबद्दल असेल तेव्हा टू चालतो, ‘वी नीड टू रिपेअर द रोड’. अर्जात खाली ‘वी रिक्वेस्ट यू टू सँक्शन’ लिहा, ‘रिक्वेस्ट यू फॉर सँक्शनिंग’ नको, अन् शेवटी ‘वी लुक फॉरवर्ड टू रिसीव्हिंग युवर रिप्लाय’, रिसीव्ह नाही. एक प्रत स्वतःकडे ठेवा अन् दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक अन् तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय तिथून निघू नका.